कातळवाडीचं पेव

फार वर्षांपूर्वीच्या एका राजाला एक विचित्र खोड होती. त्याच्या कारभाराबद्दल कोणी खोदून खोदून विचारलं, की त्याला राग येत नसे, उलट बरं वाटे. राजांमध्ये ही खोड फार दुर्मीळ, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

हा राजा म्हणे, "मी महालात बसून लोकांसाठी पाहिजे तितक्या योजना काढीन. पण त्यातली कुठली गावापर्यंत पोचली आणि कुठली वाटेतच झोपली, हे मला कोण सांगणार? माझेच अधिकारी. आणि ते काय सांगणार? सगळं झकास आहे महाराज, एवढंच!"

म्हणून त्याने गावोगावी निरोप धाडला, की प्रत्येक गावाने आपला एक माणूस निवडून पाठवावा. त्या माणसांची सभा भरू लागली. एक बैठक चैत्रात, एक कार्तिकात. राजाच्या प्रत्येक कामाचा जाब सभेने विचारायचा आणि राजाने तो उभा राहून द्यायचा, असं ठरलं. सभेने स्वतःचा एक तपासनीसही नेमला. तो राजाचा चाकर नव्हता. गावोगाव हिंडायचं, राजाच्या योजना आपल्या डोळ्यांनी पाहायच्या आणि जे दिसलं ते सभेपुढे सांगायचं, एवढंच त्याचं काम.

या तपासनीसाचं नाव होतं अंताजी. माणूस हुशार होता आणि हाताचा स्वच्छ होता. एखाद्या गावात गेला तर प्यायच्या पाण्याखेरीज कोणाचं काही घेत नसे. कोणी वांग्याची टोपली पुढे केली, तर असा काही बघे की तो बिचारा टोपलीसकट मागे सरे. पुलाचा दगड निखळला असेल, धर्मशाळेचं छप्पर गळत असेल, तर अंताजीच्या नजरेतून ते सुटत नसे. सभेचा त्याच्यावर पूर्ण भरवसा होता.

मग अडचण काय होती? अडचण होती सुभानजी.

सुभानजी आणि अंताजी लहानपणी एकाच पंतोजींकडे शिकले होते. पाढे अंताजीचे चोख, अक्षर अंताजीचं सुंदर. सुभानजीचं लक्ष खिडकीबाहेर. तो शेजारी सरकून हळूच विचारायचा, "अंताजी, सोळा साते किती रे?" आणि अंताजी मोठ्या मनाने सांगायचा. तेव्हा अंताजीला सुभानजी फार आवडायचा. आपल्यापेक्षा कमी येणारा मित्र कोणाला आवडत नाही?

पुढे दोघेही मोठे झाले. अंताजी सभेचा तपासनीस झाला आणि सुभानजीकडे राजाने पेवांची योजना सोपवली.

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. मुरमाड जमिनीत खोल खड्डा खणायचा, आतून शेणामातीने सारवायचा, कडेने कडब्याचं अस्तर लावायचं आणि त्यात ज्वारी भरायची. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढंच ठेवायचं, त्यावर शिळा लोटायची आणि मातीने लिंपून टाकायची. राजाच्या योजनेप्रमाणे प्रत्येक गावात असं एक पेव होतं. पीक चांगलं आलं, की घराघरातून त्यात थोडी थोडी ज्वारी पडे, बाकीची राजा घाली. आणि ज्या वर्षी पीक बुडे, त्या वर्षी त्याच पेवावर गाव जगे.

योजना चांगली होती आणि सुभानजीने ती मन लावून राबवली, हेही खरं. दोन वाईट वर्षं लोकांनी या पेवांच्या जिवावर काढली. मग काय विचारता! सुभानजी गावात शिरला, की लोक घोंगडी अंथरत. गूळपाणी पुढे येई. पोरं त्याच्या घोड्यामागे धावत. एकदा तर राजाने भर पंगतीत त्याला आपल्या शेजारचं पान दिलं. अंताजीचं पान त्याच पंगतीत होतं, पण पार दाराजवळ. त्या दिवशीच्या पुरणपोळीची चव त्याला लागलीच नाही.

तपासनीसाचं स्वागत कसं होतं, हे वेगळं सांगायला नको. अंताजी गावात आला, की चावडीवरची बोलणी थांबत. माणसं नमस्कार करत, पण लांबूनच. कोणी वाईट वागत नसे. फक्त तो निघाला, की सगळे मोकळा श्वास घेत, आणि हा श्वास अंताजीला वेशीपर्यंत ऐकू येई.

एका सकाळी तो अंघोळ करून देवापुढे बसला होता. आतून जात्याची घरघर ऐकू येत होती. त्याची बायको गोजरा दळत होती आणि दळताना गात होती,

"माझ्या गं गावाचं पेव भरलं काठोकाठ,
सुभानजी भाऊरायाची पाहते मी वाट."

अंताजी पूजा अर्धी टाकून उठला.

"हे काय गातेस?" त्याने विचारलं.

"माहेरच्या बायका गातात, तेच," गोजरा म्हणाली. "सगळीकडेच गातात की. का हो?"

"काही नाही," अंताजी म्हणाला.

पण काही नाही कसं? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सोळा साते किती हे ज्याला मी सांगायचो, त्याचं नाव माझ्याच घरच्या जात्यावर! मी इतकी वर्षं उन्हातान्हात हिंडलो, लोकांचं एकूण एक काम डोळ्यात तेल घालून पाहिलं, पण माझ्या नावाची ओवी कोणी रचली नाही. त्याला सुभानजीचा हेवा वाटत होता, सरळ, उघड, जळजळीत हेवा. पण हे तो स्वतःशी कबूल करत नव्हता. तो मनाला सांगे, सुभानजीवर जरा जास्त लक्ष ठेवलं पाहिजे, एवढी स्तुती होते म्हणजे कुठेतरी काहीतरी पाणी मुरत असणार. मत्सराला अशी सज्जन कारणं फार पटकन सुचतात.

त्या वर्षीपासून अंताजी पेवांची तपासणी अधिक कसून करू लागला. शिळा नीट बसली आहे का, लिंपण फोडून कोणी ज्वारी काढली आहे का, माप कमी भरलं आहे का. गावामागून गाव झालं, पण चोरी कुठेच सापडेना. ज्वारी जिथल्या तिथे होती. दुसऱ्या कोणाला याचा आनंद झाला असता. अंताजी प्रत्येक पेवातून वर येताना थोडा अधिक चिडलेला असे.

फिरत फिरत मार्गशीर्षात तो कातळवाडीला पोचला.

कातळवाडी हे डोंगरातलं शेवटचं गाव. घाट चढून गेलं की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला थोडीशी शेती. गाव गरीब होतं, पण नेटकं होतं. मागच्या वर्षी गावकऱ्यांनी श्रमदान करून वरच्या अंगाला एक तळं खोदलं होतं आणि त्याचं त्यांना फार कौतुक होतं. तळ्याच्या खालच्या उतारावरच त्यांचं पेव होतं.

गावातर्फे सभेत बसायची ती ठकूबाई. पन्नाशीची, रापलेली, मोजकं बोलणारी. तिने अंताजीला पेवापाशी नेलं. शिळा बाजूला केली. आतली कोंडलेली हवा जाऊ दिली, मग दोरीला दिवा बांधून आत सोडला. दिवा विझला नाही, म्हणजे आत उतरायला हरकत नव्हती.

तपासणीची एक जुनी रीत होती. तपासनीस पेवात उतरला, की बाकीच्यांनी दहा पावलं मागे सरायचं. आत कोणी डोकवायचं नाही. तो वर आला, की शिळा पुन्हा बसवायची आणि लिंपणावर सभेचा शिक्का मारायचा. मग राजाने किंवा सभेने सांगेपर्यंत त्या शिक्क्याला हात लावायचा नाही. कोणी तपासनीसाला भुलवू नये आणि तपासणीनंतर कोणी धान्यात हात घालू नये, यासाठी केलेली ही रीत. ती करणाऱ्यांना वाटलं, की आता सगळं सुरक्षित झालं.

अंताजी दोरीला धरून आत उतरला. वरवर ज्वारी छान होती, पिवळसर, टपोरी. माप बरोबर होतं. याही पेवात चोरी नव्हती. तो कंटाळून वर येणार, एवढ्यात त्याला आंबूस वास आला. पेवातल्या ज्वारीला थोडा वास असतोच, पण हा वेगळा होता. त्याने तळ्याकडच्या भिंतीला हात लावला. कडबा ओला होता. त्याने कोपरापर्यंत हात ज्वारीत खुपसला आणि बाहेर काढला. मुठीत दाणे नव्हते, ओलसर, काळपट ढेकूळ होतं.

तळ्याचं पाणी मुरमातून झिरपत पेवापर्यंत आलं होतं.

अंताजीला क्षणात सगळं उमगलं. फार काही बिघडलं नव्हतं. एका कडेची ज्वारी गेली होती, बाकीची अजून चांगली होती. आता लगेच उपसून उन्हात वाळवली, पेव वरच्या बाजूला दुसरीकडे खणलं, तर चार-दोन पोती सोडून सारं वाचलं असतं. पण तळं झाल्यापासून सुभानजी इकडे फिरकला नव्हता, हे उघड होतं. फिरकला असता, तर खालच्या उतारावरचं पेव आणि वरच्या अंगाचं तळं बघून त्याच्या लक्षात आलं नसतं? अलीकडे तो सडकेच्या गावांनाच जाई, जिथे घोंगडी अंथरलेली असे. घाट चढून कोण येतो!

सापडला! अंताजीला पेवाच्या अंधारात हसू फुटलं. किती दिवसांनी त्याला इतकं हलकं वाटलं होतं.

मग त्याच्या मनात दुसरा विचार आला. हे आता वर जाऊन सांगितलं, तर काय होईल? ठकूबाई माणूस धाडील. सुभानजी धावत येईल. बैल घेऊन येईल, माणसं घेऊन येईल, स्वतः सदरा काढून ज्वारी उपसायला लागेल. आणि लोक काय म्हणतील? बघा, सुभानजी कसा धावून आला! आणखी एक ओवी होईल. दोष शोधला मी, आणि ओवी त्याची!

पण हेच चैत्रात, भरल्या सभेत, राजासमोर सांगितलं तर? तोवर ओल आणखी पसरेल. पेव उघडलं जाईल. सगळ्यांसमोर सडकी ज्वारी निघेल. मग बघू कोण गूळपाणी देतं ते.

नियम तर त्याच्याच बाजूने होता. तपासनीसाने जे पाहिलं ते सभेपुढे सांगायचं, असंच लिहिलेलं होतं. त्याआधी कोणाला सांगायचं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. अंताजीने हात धोतराला पुसला आणि तो वर आला.

"पेव कसं हाय पंत?" ठकूबाईने विचारलं.

"सभेत सांगेन," अंताजी म्हणाला.

"काय कमीजास्त असंल तर आत्ताच सांगा. गावाची समदी भिस्त यावरच हाय."

"नियम आहे, बाई. सभेत सांगेन."

नियम म्हटल्यावर ठकूबाई गप्प बसली. ती सभेतली बाई होती, तिला नियमाचा मान होता. शिळा बसली, लिंपण झालं आणि अंताजीने स्वतःच्या हाताने त्यावर सभेचा शिक्का मारला.

घाट उतरल्यावर त्याला कोण भेटावं? सुभानजीच. वडाखाली घोडा बांधून भाकरी खात बसला होता. अंताजीला पाहताच त्याने जागा करून दिली आणि अर्धी भाकरी पुढे केली.

"डोंगरातून आलास?" सुभानजी म्हणाला. "कातळवाडीला गेला होतास का? मला यंदा तिकडे जायलाच जमलं नाही बघ. मनात कसंसंच होतं. पेव बरं आहे ना?"

अंताजीच्या जिभेवर शब्द आले होते. खरंच आले होते. समोर बसलेला माणूस त्याचा जुना मित्र होता आणि डोळ्यांत कपट नव्हतं. पण तेवढ्यात वाटेने जाणारा एक गुराखी थांबला आणि म्हणाला, "राम राम सुभानराव! तुमच्यामुळं पोरं जगली आमची." अंताजीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

अंताजीने जिभेवरचे शब्द गिळले.

"सभेत कळेल," तो म्हणाला.

"अरे, मला सभेची भीती नाही," सुभानजी म्हणाला. "पण काही दुरुस्त करण्यासारखं असेल तर आज सांग. उद्याच माणसं पाठवतो."

आता लपवायला बघतो आहे, अंताजीने मनाशी म्हटलं, आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून तो उठला.

पौष गेला. माघात ज्वारी काढणीला आली होती, तेव्हा डोंगरावर अवकाळी पाऊस कोसळला. नुसता पाऊस नाही, गारा. उभं पीक झोपलं. घाटाची वाट जागोजागी खचली. सगळ्यात जास्त मार कातळवाडीला बसला. तिथून एक माणूस कसाबसा कडा उतरून राजाकडे आला आणि म्हणाला, "महाराज, घरात दाणा नाही. पेव उघडायची परवानगी द्या."

राजाने त्याच पावली परवानगी दिली. सुभानजी त्या माणसाबरोबर निघाला. शिक्का फोडला, शिळा सरकवली, आणि वासानेच सगळे मागे हटले. आत ज्वारी नव्हती, काळा चिखल होता. वरचा एक थर तेवढा ज्वारीसारखा दिसत होता.

सुभानजी आल्या पावली खाली धावला. शेजारच्या गावांतून धान्य गोळा केलं. पण वाट खचलेली, बैल चढेनात. माणसांनी खांद्यावर पोती घेतली. सुभानजीनेही घेतलं. चढायला दिवस लागले. आणि भुकेलं पोट काही वाट बघत बसत नाही. गावातल्या लोकांनी पेवातला वरचा थर धुतला, दळला आणि खाल्ला. घरोघरी माणसं आजारी पडली. काही उठली, काही उठली नाहीत. ठकूबाईचा नवरा उठला नाही.

हे सगळं अंताजीच्या कानावर आलं. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही. पण सकाळपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली होती. पेव कोणाचं? सुभानजीचं. जबाबदारी कोणाची? सुभानजीची. मी तर फक्त नियम पाळला.

राजाने चैत्राची वाट न पाहता सभा बोलावली. राजा रीतीप्रमाणे उभा राहिला. त्याच्या बाजूला सुभानजी उभा होता, खांद्यांना पोत्यांचे वळ, चेहरा उतरलेला. ठकूबाई पांढऱ्या कपाळाने आपल्या जागेवर बसली होती. अंताजी खांबाजवळ होता.

"सभेने विचारावं," राजा म्हणाला.

सुभानजीच आधी बोलला. "मी कातळवाडीला गेलो नव्हतो. जायला हवं होतं. पाऊस आला आणि पेवात पाणी शिरलं. पावसाआधी एकदा बघून आलो असतो, तर कदाचित वाचलं असतं. सभा देईल ती शिक्षा मला मान्य आहे."

सभेत कुजबुज झाली. एक म्हातारे सभासद उठले. "पाऊस काय कोणाला विचारून येतो? तो अवकाळी होता. सुभानजीचं चुकलं, पण पोती खांद्यावर घेऊन घाट कोण चढला? यानेच ना? मी म्हणतो, शिक्षा राहू द्या. सभेने त्याचा मान केला पाहिजे."

"खरं आहे, खरं आहे," चारी बाजूंनी आवाज आले. ठकूबाईनेही मान हलवली. ज्या बाईचा नवरा गेला, तीसुद्धा मान हलवत होती.

अंताजीला कोणी काही विचारलं नव्हतं. कोणाला त्याचा संशयही नव्हता. तो गप्प राहिला असता, तर त्या संध्याकाळी सुखाने घरी गेला असता. पण मान! सुभानजीचा मान! इतकं होऊनही मान त्याचाच? अंताजीच्या छातीत इतक्या वर्षांचं जे काही साठलं होतं, ते सगळं एकदम उसळलं. तो सभेच्या मधोमध येऊन ओरडला,

"खोटं आहे! पावसाने काही झालेलं नाही. पेव पावसाच्या कितीतरी आधीपासून सडत होतं. तळ्याचं पाणी झिरपत होतं. याला पत्ताच नव्हता! मार्गशीर्षात मी स्वतः कोपरापर्यंत हात घालून पाहिलं आहे. सडकी ज्वारी माझ्या मुठीत होती!"

तो थांबला. आता सगळे सुभानजीकडे वळतील, म्हणून त्याने पाहिलं.

कोणीही सुभानजीकडे पाहत नव्हतं.

ठकूबाई सावकाश उठली. "पंत," ती म्हणाली, "मार्गशीर्षात तुमास्नी ठावं हुतं?"

आपण काय बोलून बसलो ते अंताजीला आता कळलं.

"नियम असा आहे," तो चाचरत म्हणाला, "तपासनीसाने जे पाहिलं ते सभेपुढे..."

"म्या इचारलं हुतं तुमास्नी. पेवाच्या तोंडाशी उभी राहून इचारलं हुतं."

"मीही विचारलं होतं," सुभानजी हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि अंताजीला तेच जास्त लागलं.

"तवा किती सडली हुती?" ठकूबाईने विचारलं.

अंताजी खोटं बोलू शकला असता. पण तो अजूनही तपासनीस होता, आणि पाहिलेलं खोटं सांगणं त्याला जमत नव्हतं. "एका कडेची," तो म्हणाला. "बाकीची चांगली होती."

"म्हंजी वाचली असती."

अंताजी मागे खांबाकडे सरकला.

"तुम्ही चोर असतात तर बरं झालं असतं," ठकूबाई म्हणाली. "चोरानं ज्वारी निदान खाल्ली असती. कुणाच्या तरी पोटात गेली असती. तुम्ही ती कुणालाच खाऊ दिली न्हाई. आणि कशापायी? ह्या माणसाचं तोंड काळं झालेलं बघाया."

राजा मध्ये पडला नाही. हा प्रश्न सभेचा होता आणि तपासनीसही सभेचा होता.

सभेने बराच वेळ विचार केला. मग तिने दोन निर्णय दिले. सुभानजी कातळवाडीला गेला नाही, म्हणून पेवांची योजना वर्षभर दुसऱ्याकडे दिली. सुभानजीने मान लववली. आणि खरं सांगायचं, तर त्या क्षणीही, सगळं संपलेलं असताना, अंताजीच्या मनात आनंदाची एक बारीकशी लहर उठून गेली. तिची त्याला स्वतःलाच किळस आली.

मग दुसरा निर्णय झाला. म्हातारे सभासद अंताजीला म्हणाले, "तुला आम्ही आमचे डोळे म्हणून नेमलं होतं. डोळ्यांनी खड्डा पाहिला आणि पायांना सांगितलंच नाही. असे डोळे आम्हाला नकोत." सभेने त्याच्याकडून शिक्का काढून घेतला. आणि त्याच बैठकीत नवा नियम केला, की तपासनीसाला जे मोडकं, गळकं, सडकं दिसेल, ते त्याने त्याच दिवशी, त्याच जागी, ज्याचं काम आहे त्याला आणि गावाला सांगायचं. सभेपुढे ते नंतर सांगायचंच आहे.

अंताजी सभेतून बाहेर पडला. कोणी त्याला अडवलं नाही, कोणी शिवी दिली नाही. आयुष्यभर त्याला वाटत होतं, की लोकांनी एकदा तरी आपल्याकडे पाहावं. आता दोन्ही बाजूंनी लोक त्याच्याकडेच पाहत होते, आणि त्याला मान वर करता येत नव्हती.

तात्पर्य: दोष शोधायचा तो काम सुधारावं म्हणून, माणूस पडावा म्हणून नव्हे. दुरुस्त होण्याजोगा दोष जो मत्सरापोटी लपवून ठेवतो, तो दोष करणाऱ्याहूनही मोठा अपराधी ठरतो.